मेमरी कार्ड : छापील आकड्यावर जाऊ नका



‘मेमरी कार्ड जितके मोठे आणि महाग, तितके चांगले’ हे गेल्या अंकातील लेखातले मत ग्राहकाची दिशाभूल करणारे आहे.

कार्डावर ठळक छापलेला १७० एमबीचा वेग वाचनाचा असतो. चित्रीकरणात कस लागतो लेखनाच्या वेगाचा. त्यासाठी ‘व्ही३०’ ही खूण पाहावी. ती सेकंदाला किमान ३० एमबी सलग लेखनाची हमी देते. १०० मेगाबिटच्या फोर-के चित्रीकरणाला साडेबारा एमबी पुरतात. महागडे यूएचएस-२ कार्ड यूएचएस-१ कॅमेऱ्यात यूएचएस-१च्याच वेगाने चालते.

मोठे कार्ड सोयीचे, एवढेच मान्य. पण ३२ जीबीच्या वरची कार्डे एसडीएक्ससी प्रकारची; २००९पूर्वीचे कॅमेरे त्यांच्यासाठी बनलेलेच नाहीत. खोपोली-कर्जतकडे लग्ने टिपणाऱ्याने एका २५६ जीबीऐवजी ६४ जीबीची चार कार्डे घ्यावीत. एक बिघडले तरी उरलेले चित्रण हाती राहते.

बनावट कार्डांबद्दल लेखात अक्षर नाही. असे कार्ड १२८ जीबी दाखवते. खरी थोडी जागा भरली की पुढचे फोटो खराब होतात. नवे कार्ड पावतीनेच घ्यावे आणि मुहूर्ताआधी पूर्ण भरून, फाइली उघडून तपासावे.

लेखकाने ही दुरुस्ती पुढील अंकात द्यावी.

– एक वाचक, शिळफाटा, ता. खालापूर