पदार्पणाच्या पलीकडे

सर्वोत्कृष्ट अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार पुढे कोणा मराठी नटाला मिळेल, अशी चर्चा निघाली की आम्हा पुलगावकरांची नजर आधी वर्धा-नागपूरकडे वळते. हा प्रांताभिमान आहे, हे कबूल. परीक्षक मराठीला विसरतात, अशी तक्रार मात्र आम्ही करणार नाही. 'जोगवा'साठी उपेंद्र लिमये, 'देऊळ'साठी गिरीश कुलकर्णी, 'अनुमती'साठी विक्रम गोखले आणि 'धग'साठी उषा जाधव यांना हा सन्मान मिळालेला आहे.

आमचे दुखणे निराळे आहे. 'फँड्री'तला सोमनाथ अवघडे बालकलाकार ठरला. 'सैराट'च्या रिंकू राजगुरूला विशेष उल्लेख मिळाला. 'झुंड'मध्ये (२०२२) अमिताभ बच्चन समोर असताना पडदा व्यापून राहणारा आमच्या नागपूरचा अंकुश गेडाम फिल्मफेअरच्या पदार्पण पुरस्काराचा मानकरी झाला. तिन्ही सन्मान रास्तच. पण शाळेत न शिकलेला अभिनय दिसला की त्याला कौतुकाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचे, जणू तो अभिनय नसून जगणेच आपोआप कॅमेऱ्यात उतरले आहे, ही समजूत आम्हांस खटकते.

वीरा साथीदार यांचे उदाहरण घ्या. नागपूरचा हा आंबेडकरी कार्यकर्ता 'कोर्ट'मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळे झाला. मंचावर त्याचा आवाज सभा हलवतो आणि न्यायालयात तोच माणूस जवळजवळ गप्प असतो. त्या गप्प बसण्यात ना दैन्य आहे, ना आव. कार्यकर्ता आहे म्हणून हे जमले, असे म्हणणाऱ्यांनी शंभर कार्यकर्ते कॅमेऱ्यापुढे उभे करून पाहावेत! 'कोर्ट'ला सुवर्णकमळ मिळाले. अभिनयाचा मान त्या वर्षी कन्नड नट संचारी विजय यांच्याकडे गेला, आणि तो अयोग्य होता असे आम्ही म्हणत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये साथीदार कोविडने गेले, जूनमध्ये विजय अपघातात. साथीदारांपुरता हा प्रश्न तिथेच मिटला.

त्याच चित्रपटातील सरकारी वकील गीतांजली कुलकर्णी यांच्याविषयी मात्र तो अजून खुला आहे. कायद्याची कलमे त्या एकसुरी वाचत जातात, लोकलने घरी येतात, स्वयंपाकाला लागतात. या बाईचा राग यावा तर तीही थकलेली, आपल्याच शेजारची निघते. असे काम पुरस्काराच्या यादीत चटकन दिसत नाही, कारण त्यात रडण्याचा प्रसंग नसतो. आमचे मत विचाराल तर पहिले नाव त्यांचेच.

दुसरे अंकुश गेडामचे. पण ते आज नव्हे. चाळिशीत त्याच्या वाट्याला वकील, मास्तर, बाप अशा भूमिका येतात की तोवर तो नागपुरी दांडगाच राहतो, हे आधी पाहावे लागेल.