माडीवरची वारस

रोज पहाटे साडेचारला मी पाच किलो कणीक भिजवते. निगडीच्या यमुनानगरात माझे चाळीस डबे आहेत. खाणारी बहुतेक पोरं पहिल्या पाळीची, भोसरी, तळवडे, चाकणच्या कंपन्यांत जाणारी. बीडची, लातूरची, चंद्रपूरची, आता ओडिशाची आणि बिहारचीही. हल्ली कणकेत हात घातला की मला 'तुंबाड' सिनेमातला हस्तर आठवतो.

'तुंबाड' मी २०२४च्या सप्टेंबरात पाहिला. १२ ऑक्टोबर २०१८ला तो पहिल्यांदा लागला तेव्हा डब्यांमुळे राहून गेला होता. १३ सप्टेंबर २०२४ला तो पुन्हा थिएटरात आला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मुलीने तिकिटं काढली. चिंचवडच्या त्या गार अंधारात मुली ओरडत होत्या, मुलं हसत होती. मी मात्र खुर्चीचा हात धरून रडत होते. "आई, एवढी घाबरलीस?" मुलीने विचारलं. मी घाबरले नव्हते. मला आमचा वाडा दिसत होता.

चाकणहून भामा नदीकडे जाताना आमचं गाव लागतं. आमचा वाडा सरदारांचा नव्हता. देवडी, एकच चौक, तीन बाजूंनी पडवी, माजघर, माजघरात अंधारं बळद आणि वर माडी. माडीवर मागच्या अंगाला एक खोली होती. ती माझ्या आजोबांच्या बहिणीची, आमच्या आत्याआजीची. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन ती जुन्नरकडून परत आली आणि त्या खोलीत चाळीसेक वर्षं राहिली. तिचं ताट वर जायचं, रिकामं खाली यायचं. तिचं मागणं एकच होतं, विहिरीजवळचं दीड एकर. ते तिने बापाकडे मागितलं, मग भावांकडे, शेवटी भाच्यांकडे. मी सहावीत असताना ती गेली आणि त्याच पावसाळ्यात माडीवर पावलं वाजायला लागली. वहिन्या म्हणायच्या, तिचा जीव अडकलाय. दर अमावास्येला जिन्यात लिंबू पडायचं. जिवंतपणी तिच्याशी बोलायला कुणाला वेळ नव्हता, मेल्यावर मात्र अख्खं घर तिला घाबरून होतं.

पुढे काही वर्षांनी 'पुराना मंदिर' गावच्या यात्रेत तंबूत आला. रामसे बंधूंचा हा सिनेमा १९८४चा, आमच्याकडे दोनेक वर्षांनी पोचला असेल. आम्ही पोरी बायकांच्या बाजूला गोधडी पांघरून बसलो होतो. त्यातल्या सैतानाचं, सामरीचं मुंडकं पेटीत आहे, धड दुसरीकडे आहे, ती दोन्ही एकत्र आली की अनर्थ, एवढं सगळ्यांना आठवतं. पण त्या सिनेमाचा शाप काय होता, ते विचारा. शिक्षा दिली राजाने, सूड उगवायचा राजावर, आणि मरायचं कुणी? त्या घराण्यातल्या बायकांनी, बाळंतपणात. पुरुषांचं भांडण, आणि किंमत बाईच्या पोटातून वसूल. तंबूत हे कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही. रात्री घरी येताना मी माडीकडे बघितलं नाही, एवढंच आठवतं.

हवेलीचा हिंदी सिनेमा सुरू कुठे झाला, तर माझ्या मते 'महल'मध्ये. १९४९, मालाडची बॉम्बे टॉकीज, कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, अशोककुमार आणि सोळा वर्षांची मधुबाला. मी तो लग्नाआधी दूरदर्शनवर पाहिला आणि नंतर पुन्हा पुन्हा पाहिला. ओसाड महाल, झोका, पदराआडचा चेहरा, वाट बघत मेलेली कामिनी. आणि शेवटी कोर्टात कळतं की भूत नव्हतंच, ती माळ्याची मुलगी होती. हे रहस्य कळल्यावर लोकांना वाटतं, हात्तिच्या! मला वाटतं, खरा सिनेमा तिथे सुरू होतो. माळ्याच्या मुलीला त्या महालात उजळ माथ्याने फिरता येत नाही. पण मेलेली मालकीण होऊन तिला झोक्यावर बसता येतं, गाता येतं, मालकाला आपल्यामागे फिरवता येतं. जिवंत बाईला जे घर मिळत नाही, ते भुताला मिळतं.

त्या सिनेमातलं ते प्रसिद्ध गाणं लता मंगेशकरांचं, हे आज शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लताबाई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून त्या स्टुडिओच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या होत्या. खेमचंद प्रकाश यांची चाल घरोघर गेली. पण पहिल्या तबकडीवर गाणारीचं नाव काय छापलं होतं? 'कामिनी'. सिनेमातल्या भुताचं नाव. लोकांनी रेडिओकडे विचारणा केली, तेव्हा खरं नाव बाहेर आलं. गाणारी आपली मराठी मुलगी, बाप गेल्यावर तेराव्या वर्षापासून घर चालवणारी, आणि तबकडीवर नाव एका न जन्मलेल्या बाईचं. या एका गोष्टीत मला हवेलीचा सगळा सिनेमा दिसतो.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या हवेल्यांतलं भूत बहुतेक वेळा बाई असते, आणि ती बाई बहुतेक वेळा हक्कदार असते. 'भूल भुलैया'तली मंजुलिका घ्या, राजाने दरबारात नाचायला ठेवलेली. सिनेमा तिला दोन-अडीच तास भयंकर करतो, मग मंत्राने, त्रिशूळाने नाहीतर डॉक्टरच्या हुशारीने तिला घालवून देतो. हवेली सुटते, ती वारसाच्या ताब्यात येते, आणि आपण टाळ्या वाजवतो. तिचं मागणं काय होतं, ते खरं होतं की खोटं, याचा निवाडा कुणीच करत नाही. भुताला कज्जा लढता येत नाही. मला या सिनेमांची चीड या एका जागी येते. घाबरवा हो, घाबरायला मलाही आवडतं. पण जिच्यावर अन्याय झाला तिलाच घराबाहेर काढून शांत झोपायला शिकवू नका.

'तुंबाड'ने हे केलं नाही, म्हणून तो मला इतका लागला. राही अनिल बर्वे यांनी त्याला नाव दिलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, आणि त्यामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. त्यातला वाडा मात्र आपल्या सासवडचा, पुरंदऱ्यांचा. दिवेघाट चढला की पुढे. सुरुवात होते १९१८मध्ये. वाड्यातल्या सरकारची सेवा करणारी, त्याच्यापासून दोन मुलं झालेली आई, एका सोन्याच्या मोहरेची वाट बघते आहे. दुसऱ्या घरात साखळीने बांधलेली म्हातारी, हस्तरचं नाव घेतलं की झोपणारी. पुढे तिच्या अंगातून झाड उगवतं तरी ती मरत नाही. लोकांना ती म्हातारी किळसवाणी वाटली. मला ती ओळखीची वाटली. ताट वर न्यायचं आणि दार लावून घ्यायचं, हे मी केलेलं आहे.

आणि हस्तर. तो देवीचा पहिला मुलगा. आईच्या पोटात सोनं आणि धान्य दोन्ही. त्याला सोनं मिळालं, धान्याला हात लावताच बाकीचे देव तुटून पडले. आईने त्याला वाचवलं, पण बोली ठरली की त्याची पूजा व्हायची नाही, त्याचं नाव पुसलं जाईल. म्हणून तो युगानुयुगं भुकेला आहे आणि कणकेच्या बाहुलीवर झडप घालतो. तेवढ्यात माणसाने त्याच्या मोहरा ओरबाडायच्या.

आमच्या पट्ट्यात हा सिनेमा कसा दिसतो, हे चाकणकराला विचारावं. चाकणचा कांद्याचा बाजार साऱ्या राज्याला ठाऊक होता. मग एमआयडीसी आली, 'बत्तीस-दोन'च्या नोटिसा आल्या, बजाज आली, २००९मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना उभा राहिला, मर्सिडीज आली, महिंद्रा आली. मी कंपन्यांच्या विरोधात नाही. माझे चाळीस डबे त्यांच्यामुळे आहेत, माझी मुलगी एका कंपनीत क्वालिटीला आहे. पण ज्वारी-बाजरीची रानं एकाएकी मोहरा द्यायला लागली, तेव्हा घराघरांत काय झालं ते मी बघितलंय. गुंठ्याचा भाव वाढला तसा चुलतभाऊ चुलतभावाला ओळखेना. दारात स्कॉर्पिओ आली, गळ्यात साखळी आली, एक तुकडा विकला, मग दुसरा. 'तुंबाड'मधल्या त्या आईचा मुलगा विनायक जसा मोहरांसाठी पुन्हा पुन्हा वाड्यातल्या विहिरीत उतरतो ना, तसंच. सोनं आलं आणि धान्य गेलं. आज गावातले लोक गव्हाचं पोतं बाजारातून आणतात.

या सगळ्यात बहिणींची आठवण झाली ती कायद्यामुळे. महाराष्ट्राने १९९४मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या त्यातून वगळल्या. माझं लग्न १९९१चं. मग ९ सप्टेंबर २००५ला केंद्राचा दुरुस्ती कायदा लागू झाला आणि ती अटही गेली. आम्ही सहहिस्सेदार झालो. म्हणजे आमच्या सहीशिवाय मोठा व्यवहार अडकायला लागला. २००८च्या दिवाळीआधी दादाचा फोन आला, "ताई, गाडी पाठवतो, एक सही कर फक्त." आम्ही तिघी बहिणी गेलो. हक्कसोडपत्र तयार होतं. वाचून दाखवा म्हणायची माझी हिंमत झाली नाही, कारण भाऊबीज चार दिवसांवर होती आणि माहेर तुटेल ही भीती कुठल्याही हडळीपेक्षा मोठी होती. सही, अंगठा, फोटो. बाहेर आल्यावर वहिनीने तिघींना एकसारख्या साड्या दिल्या. जेवण छान झालं. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही.

लोक म्हणतील, सिनेमा तो सिनेमा, त्यात सातबारा कशाला शोधता? कारण भीती आपल्याला लहानपणी शिकवली जाते, आणि ती कुणाची शिकवली यावर पुढचं बरंच ठरतं. मला माडीवरच्या बाईची भीती शिकवली गेली. तिला कोंडणाऱ्या खालच्या माजघराची कधीच नाही. दीड एकराचं मागणं 'जीव अडकलाय' या दोन शब्दांत बसवलं की ते मागणं राहत नाही, बाधा होते, आणि बाधेला लिंबू पुरतं. मुलींच्या हक्काचं मी ज्यांच्याशी बोलते त्या बायका आजही म्हणतात, "भावाच्या घरचं घेतलं तर लाभत नाही." ही भुताचीच गोष्ट आहे. फक्त तिचा तंबू लागत नाही.

मला आमच्या भागातला असा सिनेमा बघायचा आहे. हिंदीत करा, मराठीत करा. पण त्यातल्या भुताला शेवटी जाळू नका. त्याला तलाठ्यापुढे उभं करा, त्याचं म्हणणं लिहून घ्या. अवघड नाही ते, 'महल'ने पाऊणशे वर्षांपूर्वी भुताला कोर्टात आणलं होतं.

वाडा २०११मध्ये पाडला. सागवानी तुळया, कोरीव महिरपी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने ट्रकमध्ये घालून नेल्या. त्या जागेवर आता कामगारांच्या खोल्या आहेत, दहा बाय दहाच्या, वर पत्रा, बावीस दारं एका रांगेत. माडी होती त्या अंगाला रात्रभर ट्यूबलाइट जळते, कारण पोरं तिन्ही पाळ्यांची आहेत. एका कॉटवरून एक उठतो तेव्हा दुसरा झोपायला येतो. मागे मी त्यांतल्या एकाला विचारलं, इथे कधी भीतीबीती वाटते का? तो म्हणाला, "मावशी, कामावरून काढतील याची वाटते."

'तुंबाड' बघून आल्यावर मुलीने हट्टाने आमच्या जमिनीचे जुने उतारे ऑनलाइन काढले. मोडी नव्हते, देवनागरीच, पण शाई फुटलेली. तिने मोबाइलवर बोटांनी अक्षरं मोठी केली. मालकांच्या रकान्यात आजोबा आणि त्यांचे भाऊ. आणि उजवीकडे 'इतर हक्क' या रकान्यात, अगदी तळाला, आत्याआजीचं नाव. नावाला कंस घातलेला होता. माणूस गेलं किंवा हक्क संपला की तलाठी घालतो तो कंस. म्हणजे ती कागदावर होती. तिला ते कधी कुणी दाखवलं असेल असं मला वाटत नाही, वाचता येत नव्हतं तिला.

मी हात पुसले आणि ते नाव मोठ्याने वाचलं. तिचं, मग तिच्या बापाचं, मग आडनाव. तिला आम्ही आत्याआजी म्हणायचो, नंतर तेही म्हणेनासे झालो. तिचं नाव मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं.