जळल्या वाड्याचा जमाखर्च

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला जिल्हाच म्हणा. मुलगी शेजारच्या गॉलवेत नोकरीला, म्हणून तिकडे जाणं झालं. आम्हां निवृत्त माणसांना सहलीला नेतात तसं तिनं मला जुन्या वास्तू पाहायला नेलं. मूर हॉलपाशी मात्र मी गाडीतून उतरलो आणि बराच वेळ बोललोच नाही.

कॅरा नावाच्या तळ्याकाठी रानात तीन मजली भिंती उभ्या आहेत. छप्पर नाही, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं. तळघरात वटवाघळांचा मुक्काम. स्पेनमधल्या व्यापारात पैसा केलेल्या जॉर्ज मूरनं १७९० च्या दशकात हा वाडा बांधला. घराणं जमीनदारांचं, पण कॅथलिक. १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडलं आणि देशात सुमारे दहा लाख माणसं मेली, तेव्हा या घरातल्या जॉर्ज हेन्री मूरनं घोड्याच्या शर्यतीत जिंकलेला पैसा कुळांसाठी खर्च केला. मूरांच्या जमिनीवर त्या काळात कुणाला हुसकलं नाही, असं तिथले लोक आजही सांगतात.

हाच वाडा १ फेब्रुवारी १९२३ ला जाळला गेला. यादवी चालू होती. इंग्लंडशी झालेला तह मान्य नसलेल्यांनी आग लावली, कारण घरातला एक भाऊ नव्या सरकारच्या सिनेटमध्ये होता. वाड्याचा मालक मात्र दुसरा भाऊ, कादंबरीकार जॉर्ज मूर. भावाच्या राजकारणापायी त्याचं घर गेलं. आमच्या धंद्यातला माणूस, म्हणून मला अधिकच लागलं.

लागण्याचं खरं कारण वेगळं आहे. सातारा जिल्ह्यातला आमचा वाडा १९४८ साली, गांधीहत्येनंतरच्या दिवसांत, असाच जाळला गेला. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. वडील जळालेल्या वस्तूंची यादी तोंडपाठ म्हणत: शिसवी झोपाळा, तांब्याचे हंडे, आजीचं देवघर. ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता त्यांचं घर जाळलं, हा अन्यायच होता. पण कुळांकडून दर सुगीला किती खंड यायचा, हे वडिलांनी कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. बँकेत छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या खात्यांची दोन्ही पानं तपासणारा मी, घरच्या खात्याचं एकच पान वाचत आलो.

मेयोत दोन्ही पानं वाचायला मिळतात. क्ल्यू उपसागराच्या काठी रॉकफ्लीटची चार मजली गढी आहे. तिथली ग्रेस ओमॅली १५९३ साली थेट एलिझाबेथ राणीला जाऊन भेटली होती. ओमॅलींच्या अशाच एका गढीच्या जागी वेस्टपोर्ट हाउस हा देखणा वाडा उभा राहिला. त्याच्या मालकांची जमैकात मळ्यांची मालमत्ता होती. मळ्यांवर राबत गुलाम. लॉक मास्क हाउसमध्ये राहणारा कॅप्टन बॉयकॉट हा लॉर्ड अर्नचा कारभारी. १८८० साली गावानं त्याच्याशी व्यवहारच तोडला. सुमारे ५०० पौंडांचं पीक काढायला, फौजफाट्यासह, १०,००० पौंडांच्या घरात खर्च आल्याचं सांगतात. त्याच्या नावाचा शब्द झाला आणि पंचवीस वर्षांनी टिळकांच्या चतुःसूत्रीत 'बहिष्कार' म्हणून आपल्याकडेही तेच हत्यार आलं.

मूर हॉलपासून थोड्याच अंतरावर बॅलिंटबर मठ आहे. १२१६ साली स्थापन झालेला. क्रॉमवेलच्या सैनिकांनी १६५३ साली तो जाळला, छप्पर गेलं. पण लोक येत राहिले. पुढं धर्मावर बंदी आली तरी उघड्या आभाळाखाली, पावसात, प्रार्थना चालू राहिली. १९६६ साली पुन्हा छप्पर चढलं. मठाला आपलं म्हणणारे होते. मूर हॉलला, मूर भले असूनही, तसं म्हणणारे फारसे उरले नसावेत. जमीनदार चांगला असला तरी जमीन त्याचीच होती ना!

२०१८ साली मेयोच्या कौन्सिलनं मूर हॉल विकत घेतला. तो पुन्हा झळाळीनं उभारावा की तसाच राहू द्यावा, यावर माझं मत विचाराल तर भिंती सावराव्यात, पण हॉटेल करू नये. दिवाणखाना पुन्हा सजवला की आग विसरली जाईल. आणि पडू दिला तर दुष्काळात वाचलेली कुळंही विसरली जातील. पडका वाडा दोन्ही सांगतो. म्हणून तो हवा.

आमच्या गावी नुसता चौथरा उरला आहे. परतीच्या विमानात मी त्यावर लावायच्या पाटीचा मजकूर लिहून पाहिला. वाडा कोणत्या साली जाळला, ही पहिली ओळ लगेच जमली. दुसरी ओळ खंडाची. ती लिहायला बसलो, तर आकडाच ठाऊक नव्हता. पुढच्या महिन्यात गावी जाणार आहे. कुळांची नातवंडं अजून तिथेच राहतात. त्यांना विचारीन म्हणतो.