मताचा मालक कोण?

4 जून 2024 रोजी लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीचे निकाल जाहीर झाले, तेव्हा महाराष्ट्राचा कौल पाहून जिंकणारे व हरणारे असे उभय पक्ष चकित झाले. 2019 साली 48 पैकी 41 जागा भाजप-शिवसेना युतीच्या पदरात टाकणाऱ्या याच राज्याने या खेपेस महाविकास आघाडीस 30 जागा दिल्या, महायुतीस 17 वर थांबविले आणि सांगलीत एका अपक्षास निवडून दिले. पुढे सहा महिन्यांच्या आत विधानसभेच्या 288 जागांपैकी 230 महायुतीस मिळाल्या, व कोल्हापूर जिल्ह्यातील दहा जागांपैकी एकही आघाडीच्या हाती राहिली नाही. यावरून लोक चंचल आहेत, असा निष्कर्ष काही विद्वान काढतात. आम्हांस तो मान्य नाही. लोकसभेच्या वेळी दोन्ही आघाड्यांना पडलेल्या मतांत शेकडा एकाचेही अंतर नव्हते. जागांत मात्र तेराचे अंतर पडले. मोजमापाची रीतच अशी असेल, तर दोष मापून घेणाऱ्यास का द्यावा?

आमच्या जिल्ह्यापुरते पाहिले तर याहून गंभीर प्रश्न समोर येतो. 2019 साली कोल्हापूर व हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांतून अखंड शिवसेनेच्या धनुष्यबाणावर अनुक्रमे संजय मंडलिक व धैर्यशील माने निवडून आले. 2022 साली पक्ष फुटला व दोघेही श्री. एकनाथ शिंदे यांच्या बाजूस गेले. ज्यांनी मते दिली त्यांस कोणी विचारले नाही. विचारणा झाली ती 7 मे 2024 रोजी, म्हणजे सुमारे दोन वर्षांनी. शेकडा 71 च्या वर मतदारांनी त्या दिवशी आपले कर्तव्य बजाविले. कोल्हापुरात श्रीमंत शाहू छत्रपती महाराजांनी श्री. मंडलिक यांचा 1,54,964 मतांनी पराभव केला. हातकणंगल्यात मात्र श्री. माने 13,426 मतांनी निवडून आले.

मग पक्षांतरास लोकांनी धिक्कारिले म्हणावे की क्षमा केली म्हणावे? खरे उत्तर असे की, या आकड्यांवरून काहीच निश्चित म्हणता येत नाही. कोल्हापुरात गादीविषयीचा आदर होता व काँग्रेसची संघटना होती. पण केवळ गादीवर निवडणूक जिंकता येत नाही, हे 2009 साली संभाजीराजे यांच्या पराभवाने दिसून आले आहे. हातकणंगल्यात श्री. सत्यजित पाटील व श्री. राजू शेट्टी हे दोघेही उभे राहिल्याने विरोधी मते विभागली, व निम्म्याहून कमी मतांवर जय मिळाला. ऊसदर, आरक्षण, महागाई, जात, नातीगोती अशा दहा गोष्टींचा हिशेब मतदार एकाच बटणाने चुकता करितो. त्या गर्दीत "आमच्या मताचे तुम्ही काय केले?" हा प्रश्न हरवून जातो. म्हणूनच तो प्रश्न वेगळा, आणि वेळीच, विचारला गेला पाहिजे.

आपल्या गूळ बाजारातील व्यवहार पहा. शेतकऱ्याने रवे अडत्याच्या हवाली केले व त्याने मालकास न विचारता, न कळविता ते दुसऱ्याच पेढीवर नेऊन टाकले, तर पेठेत त्या अडत्याची पत किती दिवस टिकेल? मताचा मालक मतदार आहे. प्रतिनिधी केवळ विश्वस्त होय.

पक्षांतरास आळा घालण्यासाठी 1985 साली घटनेस दहावे परिशिष्ट जोडण्यात आले, व एकतृतीयांश सभासदांच्या फुटीस असलेली सवलत 2003 साली काढून टाकण्यात आली. तथापि निवाडा करणारा सभापती बहुधा सत्तारूढ पक्षाचाच असतो. शिवसेनेच्या आमदारांविषयी 2022 साली दाखल झालेल्या अर्जांचा निकाल 10 जानेवारी 2024 रोजी लागला. तोवर सरकार नांदत होते आणि मतदार वाट पाहत होता.

आमची सूचना साधी आहे. पक्ष सोडणाऱ्याने जागाही सोडावी आणि पुन्हा लोकांपुढे उभे राहावे. मग तो एकटा असो की दोनतृतीयांश सभासदांसह असो. सदसद्विवेकाला पक्ष सोडण्याची मुभा अवश्य असावी, पण जो विवेक मतदारांपुढे येण्यास कचरतो, तो विवेक नव्हे. पोटनिवडणुकीचा खर्च होईल, हे खरे. परंतु विश्वास उडाल्याने होणारी हानी कोणत्या तिजोरीतून भरून काढणार? आणि निवाडा सभापतीकडे न ठेवता स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, मुदत घालून, सोपवावा.

हे मत आपणांस फुकट मिळालेले नाही. 1920 साली याच हातकणंगले परिसरातील माणगावच्या परिषदेत अस्पृश्य मानलेल्या बांधवांनी माणूस म्हणून आपले हक्क मागितले, व राजर्षी शाहू महाराज त्यांच्या पाठीशी उभे राहिले. 1 मार्च 1949 रोजी संस्थान विलीन झाले. आणि 2024 साली त्याच गादीच्या वारसाने वयाच्या 76 व्या वर्षी मतांसाठी प्रजेचे दार ठोठाविले. राजास जे दार ठोठवावे लागते, ते ओलांडून जाण्याची मुभा इतर कोणास का असावी? पुढल्या वेळी कोणीही उमेदवार, कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या दुकानाच्या पायरीशी आला, की शहरवासीयांनी व व्यापाऱ्यांनी त्यास प्रथम हाच प्रश्न करावा: "पक्ष सोडलात, तर जागा सोडाल काय?" जेवणावळीपूर्वी आणि हारतुऱ्यांपूर्वी याचे उत्तर चारचौघांत घ्यावे. कायदा सुधारेल तेव्हा सुधारेल. हा प्रश्न विचारण्यास कोणत्याही कायद्याची आवश्यकता नाही.