चिपवरच्या रेषा आपोआप उमटतील, पण सोन्याचे कण जागेवर बसतील का?

सर्वांत प्रगत चिपवर रेषा उमटवण्यासाठी १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरणारं यंत्र लागतं. ते नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी विकते आणि निर्यातबंदीमुळे चीनला ते मिळत नाही. म्हणून ‘स्वतःच रचना तयार करणारं पॉलिमर’ असं वाचलं की यंत्राची गरजच संपली असं वाटू शकतं. तसं मात्र नाही.

थर्माकोल पॉलिस्टायरिनचं असतं आणि ॲक्रिलिकच्या पाट्या पीएमएमए या प्लास्टिकच्या. या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. पण त्यांच्या रेणूंच्या साखळ्या टोकाला टोक जोडल्या, तर तेल-पाण्यासारखं वेगळं होता येत नाही. भांडण झालेल्या भावांनी एकाच घरात भिंत घालावी, तसं होतं. पातळ थर देऊन तापवला की साधारण १० ते १०० नॅनोमीटर अंतराने एकाआड एक पट्टे किंवा नळकांडी तयार होतात. माणसाचा केस याच्या हजारपट जाड असतो.

पण हे नुसतं प्लास्टिक. त्यात वीज किंवा प्रकाश खेळवायचा तर सोन्यासारख्या पदार्थांचे नॅनोकण मिसळावे लागतात.

हे कण कुठे बसतात?

आधी ठरवतं ते कणावरचं आवरण. पॉलिस्टायरिनचं आवरण असलेला कण पॉलिस्टायरिनच्या पट्ट्यात शिरतो. दोन्ही प्लास्टिकचं मिश्र आवरण असेल, तर तो सीमेवर थांबतो.

त्यानंतर आकार. एमआयटीच्या एडविन थॉमस यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं, की एकाच पट्ट्यात सोन्याचे ३.५ नॅनोमीटरचे कण कडेला गेले आणि सिलिकाचे सुमारे २१ नॅनोमीटरचे कण मधोमध. मोठ्या कणाला वळसा घालताना साखळ्यांना ताणावं लागतं. पट्ट्याच्या मध्यभागी त्यांची मोकळी टोकं असतात, तिथे जागा करून देणं सोपं जातं.

पातळ थरात आणखी गुंता होतो. वर हवा, खाली सिलिकॉन; कण पृष्ठभागावर येतात किंवा तळाशी जमतात. कण जास्त झाले तर मूळ नक्षीच बदलते. खरी अडचण हीच: पाहुण्यांमुळे घराच्या भिंती सरकतात.

वेगाचा प्रश्न बराचसा सुटला आहे. बर्कलीच्या टिंग शू यांच्या गटाने २०१४ मध्ये द्रावकाच्या वाफेत असा थर एका मिनिटात जुळवून दाखवला. चुकांचा प्रश्न उरतोच. अब्जावधी ट्रान्झिस्टरच्या चिपमध्ये थोडेसे चुकलेले पट्टेही चालत नाहीत. त्यामुळे चिप उद्योगात या पॉलिमरकडे महागड्या यंत्राचा पर्याय म्हणून नव्हे, तर त्याने काढलेल्या खडबडीत रेषा नीट करणारा मदतनीस म्हणून पाहिलं जातं. नॅनोकणांच्या थरांना आधी वाव आहे तो प्रकाशाशी खेळणाऱ्या लेपांत आणि सेन्सरमध्ये. तिथे एखादा कण भलतीकडे बसला, तरी काम अडत नाही.