काम मागता, मग हमीही द्या



'आम्ही राबायचे, टॅक्स भरायचा आणि ह्यांनी घरी बसून खायचे!' गणपतीच्या पंगतीत किंवा शनिवारच्या पॉटलकमध्ये हे वाक्य ऐकले नसेल असा वाचक विरळाच. बोलणारी माणसे दुष्ट नसतात. दोन बॅगा घेऊन येऊन स्वतःच्या हिमतीवर उभी राहिलेली ही माणसे. त्यांच्या रागाच्या मुळाशी एक समजूत असते: अमेरिकेत ज्याला काम करायचे आहे त्याचे पोट भरतेच, तेव्हा सरकारी मदत घेणारा तो कामचुकार. ही समजूत पंगतीपुरती असती तर संपादकीय लिहायचे कारण नव्हते. पण ती आता कायद्यात उतरली आहे, म्हणून ती आकड्यांवर घासून पाहणे भाग आहे.

४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यानुसार, मेडिकेडच्या विस्तारातून विमा मिळालेल्या १९ ते ६४ वयाच्या प्रौढांनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचे दाखवायचे आहे. राज्यांना त्यासाठी १ जानेवारी २०२७ ही मुदत दिली गेली. आजारी माणसे, लहान मुलांचे पालक वगैरेंना सूट आहे, पण सूट मिळण्यासाठीही बहुधा काहीतरी सिद्ध करावे लागणारच. स्नॅप, म्हणजे आपण अजूनही ज्यांना फूड स्टॅम्प म्हणतो, त्यासाठीची कामाची अट पूर्वी ५४ वर्षांपर्यंत होती, ती ६४ पर्यंत नेली. वरवर यात गैर काय? धडधाकट माणसाने काम करावे, एवढेच तर म्हणणे आहे.

गैर हे की ही माणसे बहुतांशी काम करीतच आहेत. केंद्रीय किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे आणि सुमारे २० राज्यांत आजही तेच लागू आहे. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही रजा नाही, असे राबल्यावर हाती येतात १५,०८० डॉलर. २०२५ची सरकारी दारिद्र्यरेषा एकट्या माणसासाठी १५,६५० आणि तिघांच्या कुटुंबासाठी २६,६५० डॉलर होती. म्हणजे पूर्णवेळ काम करणारा एकटा जीवही रेषेच्या खाली, आणि दोन मुलांच्या आईचे तर विचारूच नका.

संसदेची हिशेबतपासणी यंत्रणा, म्हणजे गव्हर्न्मेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस, हिने २०२० साली एक अहवाल दिला. मेडिकेड आणि स्नॅप घेणाऱ्या कमावत्या प्रौढांपैकी सुमारे ७० टक्के लोक आठवड्याला ३५ तास किंवा त्याहून जास्त काम करीत होते. त्यांचे मालक कोण, याच्या राज्यवार याद्यांत वॉलमार्ट आणि मॅक्डॉनल्ड्स ही नावे वरच्या क्रमांकांत होती. (वॉलमार्टने पुढे पगार वाढवले, २०२३ मध्ये सुरुवातीचा दर १४ डॉलरवर नेला, हेही सांगायला हवे.) ७० टक्क्यांचा आकडा फक्त कमावत्यांबद्दल आहे, सर्व लाभार्थींबद्दल नाही. पण उरलेल्यांत मुले, म्हातारी माणसे आणि अपंग मोठ्या संख्येने आहेत. त्यांना कामाला जुंपावे असे कुणीच म्हणत नाही.

हा प्रयोग नवाही नाही. अध्यक्ष क्लिंटन यांनी ऑगस्ट १९९६ मध्ये जुनी वेल्फेअर योजना मोडून तिच्या जागी 'टॅनफ' आणली: आयुष्यभरात जास्तीत जास्त ५ वर्षे केंद्रीय मदत, कामाची अट आणि राज्यांना साडेसोळा अब्ज डॉलरची ठोक रक्कम. महागाई वाढली, ती रक्कम वाढली नाही. सुरुवातीच्या तेजीच्या वर्षांत अनेक एकट्या आया नोकरीला लागल्या, हे खरे आहे. पण १९९६ साली मुले असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांना रोख मदत मिळत होती, ती २०२० पर्यंत २१ वर आली. मिसिसिपीत तर याच निधीतले ५० लाख डॉलर एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संकुलाकडे वळवले गेल्याचे उघड झाले. आयते खाणे म्हणतात ते हे!

मेडिकेडच्या अटीची परीक्षाही आधीच झाली आहे. आर्कान्सा राज्याने जून २०१८ मध्ये ३० ते ४९ वयाच्या लोकांना हीच ८० तासांची अट घातली. तासांची नोंद सुरुवातीला फक्त संगणकावरून करता येई आणि ती वेबसाइट रात्री ९ ते सकाळी ७ बंद! काही महिन्यांत १८,००० हून अधिक लोकांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने योजना थांबवली. हार्वर्डच्या संशोधकांनी तपासले तेव्हा रोजगारात वाढ आढळली नाही. शिवाय ज्यांना अट लागू होती त्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक एक तर ती आधीच पूर्ण करीत होते किंवा सुटीला पात्र होते. आळशी शोधायला जाळे टाकले आणि सापडले ते कागदपत्रांत अडखळलेले लोक. नवा उपचार पहिल्या चाचणीत असा नापास झाला तर आपण प्रयोगशाळेत तो देशभर लागू करीत नाही.

दुकानात, हॉटेलात, गोदामात काम केलेल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते. किती तास मिळणार हे कामगार ठरवीत नाही. मॅनेजर दर आठवड्याला वेळापत्रक लावतो. गर्दीच्या महिन्यात १५० तास मिळतात, मंदीच्या महिन्यात ६०. तास कापणार मालक आणि विमा जाणार कामगाराचा!

'मग जास्त कमवावे की!' पण तिथेही गणित आडवे येते. २५ ते ३० हजार डॉलर मिळवणारी दोन मुलांची एकटी आई घ्या. तिने एक डॉलर जास्त मिळवला की अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट २१ सेंटने कमी होते, स्नॅप सुमारे २४ सेंटने कमी होते आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ सेंट कापले जातात. डॉलरमागे सुमारे ५३ सेंट गेले. आपल्यातल्या श्रीमंतातल्या श्रीमंताला केंद्रीय प्राप्तिकराचा वरचा दर ३७ टक्के आहे, आणि त्याबद्दल आपण किती कुरकुरतो! परावलंबनाचा सापळा खरोखरच आहे, पण तो स्वभावात नाही, मदत कमी करण्याच्या सूत्रांत आहे.

आपल्या पुरोगामी मित्रांनाही दोन शब्द. 'सरकारी मदत म्हणजे कंपन्यांना दिलेले अनुदान' ही घोषणा आकर्षक असली तरी अर्धीच खरी आहे. टॅक्स क्रेडिट कामाला जोडलेले असल्याने ते जास्त लोकांना कामाकडे ओढते आणि त्यातला काही भाग कमी पगाराच्या रूपाने मालकाकडे जाऊ शकतो. फूड स्टॅम्प आणि विम्याचे तसे नाही. घरात धान्य आणि आजारपणात डॉक्टर असेल तर माणूस वाईट नोकरीला 'नाही' म्हणू शकतो. ही मदत काढून घेतली तर मालक पगार वाढवतील असे मुळीच नाही, उलट कामगार जास्त लाचार होईल.

किमान वेतनाचेही असेच. न्यू जर्सीने १९९२ मध्ये ते ४.२५ वरून ५.०५ डॉलर केले, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाशी तुलना केली. फास्ट फूडमधले रोजगार घटल्याचे त्यांना दिसले नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. म्हणून वेतन हवे तेवढे वाढवता येते असे नव्हे. २०२१ साली काँग्रेशनल बजेट ऑफिसचा अंदाज होता की १५ डॉलर वेतनाने ९ लाख लोक दारिद्र्यातून बाहेर येतील, पण १४ लाख नोकऱ्याही जातील. या किमतीवर प्रामाणिक वाद जरूर व्हावा. पण २००९चा दर तसाच ठेवायचा आणि वर कामाची अट घालायची, याला धोरण म्हणता येत नाही.

कामाच्या अटीचे एक उदाहरण आपल्या घरचे आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली, वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून ती योजना आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मुंबई-पुण्यात नोकरी केलेल्यांना पगाराच्या चिठ्ठीवरचा व्यवसाय कर आठवत असेल. तो याच योजनेसाठी सुरू झाला. तिथेही अट कामाचीच होती: खडी फोडा, बांध घाला, पाझर तलाव खणा. पण काम मागितले की ते देण्याची जबाबदारी सरकारची होती आणि देता आले नाही तर बेकारी भत्ता. मस्टरवर खोटी नावे लागली, मजुरी रखडली, हे सगळे झाले. तरीही मागणाऱ्याला तो हक्क होता. अमेरिकेच्या कायद्याने अट घेतली आणि हमी मात्र सोडून दिली.

आणि आपण? आपले शिक्षण बहुधा सरकारी अनुदानावर झाले. ग्रीन कार्डावर आलेल्या आई-वडिलांना ५ वर्षांनी मेडिकेड मिळेल का, याची चौकशी आपल्यात सर्रास चालते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. त्याच आई-वडिलांना आंघोळ घालणारी, औषध देणारी बाई कदाचित स्वतः फूड स्टॅम्पवर असते. आपण ज्याला हक्क म्हणतो त्याला तिच्या बाबतीत भीक का म्हणायचे?

तेव्हा तीन मागण्या: किमान वेतन वाढवून महागाईशी जोडा, कमाई वाढताच मदत धाडकन तोडू नका, हळूहळू कमी करा, आणि कामाची अट घालायचीच असेल तर काम द्या, निदान तासांची नोंद सरकारकडे आधीच असलेल्या पगाराच्या माहितीतून घ्या. तिसऱ्या मागणीचे बरेचसे आपापल्या राज्याच्या हातात आहे. राज्याच्या मेडिकेड कार्यालयाला आणि आमदारांना पत्र लिहा. ज्यांची मोटेल, दुकाने, फ्रँचायझी आहेत त्यांनी कामगारांचे वेळापत्रक दोन आठवडे आधी लावावे आणि तासांचा दाखला मागितल्याबरोबर द्यावा. त्याला कायद्याची वाट पाहायला नको.