कॅनडाची मुले आइस हॉकीत का हरली? निदान करण्याआधी थोडे थांबा

आपल्याकडे जे स्थान क्रिकेटचे, ते कॅनडात आइस हॉकीचे. दरवर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भरते आणि सुट्टीत घरी असलेला अख्खा देश ती पाहतो. टोरांटोच्या आसपास स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा खेळ आता परका राहिलेला नाही.

ही स्पर्धा कॅनडाने इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त वेळा जिंकली आहे. तरीही 2024 मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे आणि 2025 मध्ये स्वतःच्या राजधानीत, ओटावात, कॅनडाचा संघ उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडला. दोन्ही वेळा हरवणारा संघ एकच होता, चेकिया. पहिल्या वेळी 3-2, दुसऱ्या वेळी 4-3. दोन्ही वेळा निर्णायक गोल शेवटच्या मिनिटात झाला.

असे झाले की कारणे सांगणाऱ्यांची कमतरता नसते. मुलांत जिद्दच नाही, आजकालची पिढी मऊ झाली, मोबाइलने वाट लावली, प्रशिक्षक बदला. आपल्याकडे क्रिकेट संघ हरला किंवा बारावीचा निकाल मनासारखा लागला नाही, की हेच ऐकू येते. म्हणून हा विषय आपल्याही घरातला आहे.

डॉक्टर कारण कसे शोधतात?

धाप लागते म्हणून एखादा रुग्ण आला, तर आम्ही लगेच "हृदयविकार" असे लिहून मोकळे होत नाही. धाप रक्त कमी असल्याने लागते, दम्याने लागते, हृदयामुळे लागते, भीतीनेही लागते. सगळ्या शक्यतांची यादी करायची आणि तपासून एकेक खोडायची. याला डिफरन्शियल डायग्नोसिस म्हणतात. यात एक साधा नियम उपयोगी पडतो. जी गोष्ट रुग्ण ठणठणीत असतानाही होती, ती एकटी आजच्या आजाराचे कारण असू शकत नाही. हीच पद्धत कॅनडाच्या संघाला लावून पाहू.

पहिला संशय : थकवा

आइस हॉकीत खेळाडू एका वेळी साधारण 40 ते 60 सेकंदच बर्फावर असतो, पण तेवढ्यात तो पूर्ण ताकद लावतो. मग बाकावर बसून दम घेतो आणि पुन्हा उतरतो. या प्रकारच्या श्रमाला मुख्यतः स्नायूंमधली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, लागते. सामन्यानंतर हा साठा पुरता भरून यायला चांगले जेवण आणि जवळपास एक दिवस लागतो.

ओटावात कॅनडा 26 डिसेंबरला फिनलंडशी खेळला आणि 4-0 ने जिंकला. दुसऱ्याच दिवशी समोर लाटव्हिया आला. लाटव्हियाचा तो पहिलाच सामना होता, म्हणजे ती मुले ताजीतवानी होती. कॅनडा पेनल्टी शूटआउटमध्ये 3-2 ने हरला. थकवाच, असे वाटेल. पण त्या सामन्यात लाटव्हियाच्या गोलरक्षकाने तब्बल 55 फटके अडवले. दमलेला संघ गोलवर इतके फटके मारत नाही. थकव्याने थोडी धार कमी झाली असेल, पण तेवढ्यावर निदान होत नाही. शिवाय उपांत्यपूर्व सामन्याआधी चेकिया आणि कॅनडा दोघांनाही सारखीच, एका दिवसाची विश्रांती मिळाली होती.

याच लाटव्हियाच्या सामन्यात कॅनडाचा सतरा वर्षांचा बचावपटू मॅथ्यू शेफर गोलच्या खांबावर आदळला आणि त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. त्याची स्पर्धा तिथेच संपली. हा मुलगा किती मोलाचा होता हे काही महिन्यांत दिसले, कारण अमेरिका-कॅनडातील व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा तो सर्वांत पहिला निवडला गेला. ओटावातल्या पराभवाच्या कारणांत ही दुखापत नक्कीच मोजावी लागेल.

दुसरा संशय : दडपण आणि कोवळे वय

मेंदूचा पुढचा भाग, जो आवेग रोखतो आणि परिणामांचा विचार करतो, तो पूर्ण परिपक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे शरीर पुरुषाचे दिसते, पण दडपणाखाली ब्रेक लावणारी यंत्रणा अजून तयार होत असते. त्यात घरचे मैदान आणि हजारो प्रेक्षक.

आता आपला नियम लावू. चेक मुलांचे वयही तेच होते. आणि कॅनडाने 2022 मध्ये एडमंटनला आणि 2023 मध्ये हॅलिफॅक्सला घरच्याच प्रेक्षकांसमोर सुवर्णपदक जिंकले होते. त्यामुळे दडपण हेच कारण, असे म्हणता येत नाही.

मात्र दडपणाचे एक लक्षण ओटावात स्पष्ट दिसले, ते म्हणजे शिस्तभंग. उपांत्यपूर्व सामन्यात पहिल्याच सत्रात कॅनडाच्या एका खेळाडूला गुडघा मारल्याबद्दल पाच मिनिटांची शिक्षा झाली आणि त्याला सामन्याबाहेर जावे लागले. आइस हॉकीत अशा वेळी संघाला एक गडी कमी घेऊन खेळावे लागते. शेवटचे 40 सेकंदही उरले नव्हते, तेव्हा चेकियाचा विजयी गोल झाला. तेव्हाही कॅनडाचा एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला होता. माझ्या मते या पराभवात उपचार करता येण्याजोगी गोष्ट कोणती असेल तर ती हीच. आवेग आवरणे शिकवता येते, त्याचा सराव घेता येतो. "जिद्द दाखवा, तुटून पडा" असे सतत कानात ओतले, तर मात्र अशा चुका वाढतात. जिद्द कमी पडली म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

तिसरा संशय : संघात नसलेले खेळाडू

कॉनर बेदार्दने 2023 मध्ये सात सामन्यांत 23 गुण मिळवून कॅनडाला सुवर्ण जिंकून दिले. (या खेळात गोल करणाऱ्याला आणि पास देणाऱ्याला प्रत्येकी एक गुण मिळतो.) वयाने तो 2024 आणि 2025 मध्येही पात्र होता, पण तोवर तो शिकागोच्या व्यावसायिक संघाकडून खेळत होता. 2025 मध्ये मॅकलिन सेलेब्रिनीचेही तेच झाले, तो सॅन होजेच्या संघात होता. व्यावसायिक संघ असे खेळाडू सहसा सोडत नाहीत. म्हणजे "देशातले सर्वोत्तम वीस वर्षांखालील खेळाडू" असे आपण ज्या संघाला म्हणतो, त्यात वरचे एक-दोन मोती नसतातच. ज्या देशाकडे असे मोती जास्त, त्याचे नुकसानही जास्त.

चौथा संशय : समोरचा संघ आणि नशीब

हे दोन मुद्दे कोणालाच ऐकायला आवडत नाहीत, पण मला सर्वांत वजनदार वाटतात.

चेकियाने 2023 मध्ये रौप्य, 2024 मध्ये कांस्य आणि 2025 मध्ये पुन्हा कांस्य मिळवले. ओटावात विजयी गोल करणारा अॅडम येचो त्या वेळी कॅनडातल्याच कनिष्ठ लीगमध्ये, एडमंटनकडून खेळत होता. तिथल्या प्रशिक्षणाचा लाभ परदेशी मुलांनाही मिळतो. दुबळ्या संघाने बलाढ्यांना हरवले, हे चित्रच चुकीचे आहे.

आता नशीब. समजा एखादा संघ इतका चांगला आहे की कोणताही बाद फेरीचा सामना जिंकण्याची त्याची शक्यता 80 टक्के आहे. सुवर्णासाठी असे तीन सामने लागोपाठ जिंकायला हवेत. ही शक्यता भरते जेमतेम 51 टक्के. म्हणजे इतका भारी संघसुद्धा जवळपास दर दुसऱ्या वर्षी सुवर्णाविना परतेल, आणि त्यात कोणाचाही दोष नसेल. ज्या खेळात एका सामन्यात पाच-सहाच गोल होतात, तिथे खांबाला लागून परतलेला एक फटका निकाल फिरवतो. आम्ही एकदा रक्तदाब जास्त आला म्हणून आयुष्यभराची गोळी सुरू करत नाही, पुन्हा मोजतो. 2019 मध्ये कॅनडा उपांत्यपूर्व फेरीत हरला आणि 2020 मध्ये विजेता ठरला. वर्षभरात पिढी बदलली नव्हती.

मग माझे निदान काय? समोरचे संघ सुधारले, काही उत्तम खेळाडू हाती नव्हते, एक मोक्याच्या वेळी जायबंदी झाला, शिक्षा जास्त ओढवून घेतल्या आणि उरलेले नशीब. "मुलांत दम नाही" हे या यादीत कुठेच बसत नाही.

चुकीच्या निदानाची किंमत

चुकीचे निदान नुसते चुकत नाही, ते इजाही करते. 2019 च्या त्या सामन्यात, व्हँकुव्हरला फिनलंडविरुद्ध, जादा वेळेत कॅनडाचा कर्णधार मॅक्स कॉम्टोइस याची पेनल्टी हुकली. तो एकोणीस वर्षांचा होता. समाजमाध्यमांवर त्याला अर्वाच्य शिव्या देण्यात आल्या. नंतर कळले की तो निखळलेल्या खांद्याने खेळत होता. गळपट्टीचे हाड आणि खांदा जिथे जुळतात तिथले बंध फाटले की हात उचलणेही दुखते, काठी फिरवणे तर दूरच. घरात बसून "याच्यात दम नाही" म्हणणाऱ्यांना यातले काय दिसत होते?

तुमचा मुलगा किंवा मुलगी खेळात किंवा परीक्षेत अपेक्षेपेक्षा मागे पडली, तर त्या दिवशी कारणमीमांसा करू नका. आधी जेवू घाला, झोपू द्या. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागतेच. दुसऱ्या दिवशी विचारा : कुठे दुखत होते का? झोप होत होती का? कसली भीती वाटत होती का? उत्तर द्यायला त्यांना वेळ द्या.

विश्रांतीनंतरही न जाणारा थकवा, बिघडलेली झोप, मंदावलेली भूक, सततची चिडचिड किंवा एके काळी आवडणाऱ्या खेळाचा कंटाळा असे काही दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर ते "आळस" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आणि दुखणे लपवून खेळणाऱ्या मुलाला शाबासकी देऊ नका. दुखते हे तो वेळेवर सांगू शकला पाहिजे, आणि ते ऐकून घेणारे कोणीतरी घरात असले पाहिजे.